तंजावरच्या किनाऱ्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला सांगितले की, यंदा तुम्ही तुमच्या दक्षिणेच्या प्रवासावर चार शब्द बोला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. देवळांची उंची आणि गोपुरांचे मजले कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडतात. त्यासाठी तुम्हाला उन्हातान्हातून इथवर बोलवायला नको. पण घरी जाऊन विचार केला, आणि वाटले की एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती याच मंडळात घडलेली आहे, आणि तिच्यात दोष माझा आहे. तेव्हा बोलायला उभी राहिले.

आमच्या सासूबाई तंजावरकडच्या. मन्नारगुडीला त्यांचे माहेर. भोसल्यांच्या मागोमाग जी मराठी घराणी तिकडे गेली आणि तिथलीच झाली, त्यांपैकी एक. १९४८ साली त्या लग्न होऊन पुण्यात आल्या. मी १९७३ मध्ये त्यांच्या घरात सून म्हणून आले. त्यांचे मराठी आपल्यासारखे नव्हते. चाल तमिळ, आणि मधूनच एखादा असा जुना शब्द यायचा की जो आपण बखरीतच वाचलेला. मी तेव्हा लहान होते, आणि मला थोडी नक्कल करायची सवय होती. मंडळाच्या एका हळदीकुंकवाला मी चारचौघींत सासूबाईंची बोलण्याची ढब करून दाखवली. सगळ्या खूप हसल्या. वाण घ्यायला वळले तो सासूबाई दारात उभ्या. त्या काही बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पण त्या दिवसानंतर मंडळात त्यांनी कुणाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त मराठी कधी बोलले असेल असे मला आठवत नाही. १९९६ साली त्या गेल्या. मागे एक वही राहिली. तिच्याविषयी पुढे सांगते.

२०१८ च्या जानेवारीत मी, माझ्या जाऊबाई आणि माझी लेक अशा तिघी त्यांचा मुलूख पाहायला गेलो. जानेवारी मुद्दाम निवडला. आपला पाऊस ज्येष्ठ-आषाढात येतो. त्यांचा मुख्य पाऊस आश्विन-कार्तिकात. आपण दिवाळीचे कंदील लावतो तेव्हा ते छत्र्या उघडतात. पौषात मात्र तिकडे असे स्वच्छ ऊन पडते की काय सांगू! भाताची हिरवी शेते, कावेरीचे शेकडो फाटे आणि कालवे, आणि शेवटी समुद्र. आम्हा कोकणच्या माहेरवाशिणींना सूर्य समुद्रात बुडताना पाहायची सवय. तिथे तो समुद्रातून वर येतो. पहिल्या सकाळी जाऊबाई किनाऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, हे सगळं उलटंच आहे!"

या किनाऱ्याला इंग्रजीत कोरोमंडल म्हणतात. मूळ शब्द चोलमंडलम, चोळ राजांचा देश. चोळांनंतर नायक आले, आणि नायकांनंतर १६७५-७६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांना तिकडे एकोजी म्हणतात. १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशेऐंशी वर्षे, तिथे भोसल्यांची गादी होती. शाळेत आपल्याला हे दोन ओळींत शिकवतात. दोघा भावांचे भांडण झाले आणि मिटले, एवढेच लक्षात राहते. ते मिटताना महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या राणीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी म्हणून दिला असे सांगतात. भावजयीची चोळीबांगडी म्हणजे आख्खे बंगळूर! माझ्या लेकीला हे ऐकून हसू आवरेना.

आम्ही प्रथम गेलो तरंगंबाडीला. नाव ऐकूनच कान टवकारले ना? तरंग आपलाच शब्द. लाटा जिथे गातात ते गाव, असा त्याचा अर्थ सांगतात. १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून हे गाव खंडाने घेतले आणि समुद्राला तोंड करून डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. राजवटी बदलल्या तरी डेन लोक तंजावरच्या गादीला खंडणी भरीत राहिले. १७०६ साली झिगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन पाद्री इथे उतरला. तो मुलांमध्ये बसून वाळूत बोटाने तमिळ अक्षरे गिरवायला शिकला असे सांगतात. त्याने छापखाना आणवला, १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून झाला, आणि १७०७ मध्येच त्याने मुलींसाठी शाळा काढली होती. आपण पुण्यातल्या १८४८ च्या शाळेचा अभिमान बाळगतो आणि बाळगावाच. पण समुद्राकाठच्या त्या लहानशा गल्लीत सुमारे एकशेचाळीस वर्षे आधी मुली पाटीवर लिहीत होत्या हे ऐकून आम्ही क्षणभर उभ्या राहिलो. १८४५ साली डेन लोकांनी बंगालमधल्या श्रीरामपूरसह हे गाव साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकले. आता गाव शांत आहे. किल्ल्याशेजारी एक जुने शिवमंदिर आहे, त्याचा बराच भाग समुद्राने खाल्ला. लाटा गातात हे खरे, पण खातातही.

तिथून दक्षिणेला नागूर. तिथल्या दर्ग्याचे पाच मिनार दुरूनच दिसतात. त्यांतला सर्वांत उंच, एकशे एकतीस फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधवून दिलेला. आमच्या बरोबरीने आत जाणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका कितीतरी होत्या. कुणाला त्याचे नवल वाटत नव्हते. पुढे नागपट्टणम. पोर्तुगीज, डच, इंग्रज असे सगळे एकामागून एक तिथे राहून गेले. पण त्या बंदरावर मला इतिहास आठवला नाही, २००४ आठवले.

२६ डिसेंबर २००४. रविवार होता. सकाळी समुद्र आत आला. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सुमारे सहा हजार माणसे गेली. त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. एका कोळणीने मला खुणांनी आणि मोडक्या हिंदीत समजावले: पुरुष होडीने खोल पाण्यात होते, तिथे लाट नुसती खालून निघून गेली. बायका मात्र काठावर मासळी उतरवून घ्यायला उभ्या होत्या. काठावरची बाई. लुगडे नेसलेली, कडेवर मूल, हातात टोपली. पळणार किती? हे सांगताना तिने एकदाही डोळे पुसले नाहीत. मी पुसले. मग तिने मला टोपलीतला मासा दाखवून भाव सांगितला आणि मी शाकाहारी आहे म्हटल्यावर ती मनापासून हसली.

आता मूळ गोष्टीकडे येते. या किनाऱ्याच्या आतल्या अंगाने तंजावरहून रामेश्वरला जाणारी वाट आहे. उत्तरेतून, आपल्याकडून, काशीहून आलेले यात्रेकरू या वाटेने पायी जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या राजांनी छत्रे बांधली. छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा एकत्र. त्यांतल्या मोठमोठ्या छत्रांना नावे बायकांची आहेत. निडामंगलमला यमुनांबा, ही प्रतापसिंहांची राणी. ओरत्तनाडूला मुक्तांबा. ही मुक्तांबा दुसऱ्या सरफोजीराजांची प्रिया, राणी नव्हे. मरताना तिने दागिने मागितले नाहीत, माझ्या नावाने अन्नछत्र घाला म्हणाली, असे तिकडे सांगतात. १८०२ मध्ये ते छत्र उभे राहिले. राजाची लग्नाची बायको नसलेल्या स्त्रीचे नाव आजही त्या गावात आदराने घेतले जाते. आपल्याकडे असे किती ठिकाणी घडले असेल, तुम्हीच सांगा.

सरफोजीराजांविषयी थोडे सांगितले पाहिजे. १७९९ च्या तहाने त्यांचे राज्य इंग्रजांनी घेतले. उरला फक्त किल्ला आणि आसपासचा भाग. माणूस विद्वान. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच वाढवले. देवनागरीचा छापखाना काढला, आणि १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यामुंबईत मराठी पुस्तके छापण्याची घडी बसण्याच्या पुष्कळ आधी! अशा माणसाने राज्य गेल्यावर इंग्रजांपाशी काय मागितले? छत्रे तेवढी माझ्याकडे राहू द्या. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंटाला एक पत्र लिहिले आहे. त्या छत्रांत काय काय चालते याचे त्यात वर्णन आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, जातपात न पाहता, जेवण. शिजवलेले न चालणाऱ्यांना शिधा आणि भांडी. मध्यरात्री घंटा वाजवायची आणि हाकारा करायचा, की कुणी जेवायचे राहिले असेल त्याने यावे. अनाथ मुलांना तिथले पंतोजी सांभाळत. त्यांना जेवण, शिकवण आणि ठरल्या दिवशी अंगाला तेल. आणि वाटेत एखादी बाई बाळंत झाली, तर तिचा सगळा खर्च, औषधपाणी छत्राचे, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिने तिथे राहावे.

भगिनींनो, हे मी वाचले तेव्हा मला त्या लढाया, ते तहनामे काही आठवेना. तीन महिने! आजदेखील आपल्यापैकी किती जणींना बाळंतपणानंतर तीन महिने कुणी बसू दिले? आणि हे परक्या, ओळख ना पाळख अशा वाटसरू बाईसाठी. अंगाला तेल लावायचा हिशेब एका राजाच्या पत्रात येतो, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या ग्रंथालयापेक्षा मोठी वाटली. माझे हे म्हणणे विद्वानांना पटणार नाही. असो.

याच राजाने समुद्रकाठी मनोरा नावाची षट्कोनी, अनेक मजल्यांची वास्तू १८१४-१५ मध्ये बांधली, नेपोलियनचा पराभव झाला याच्या आनंदाप्रीत्यर्थ! ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या विजयाचा मनोरा आपण बांधायचा. जाऊबाई म्हणाल्या, याला लाचारी म्हणतात. मी म्हटले, छत्रे हातची जाऊ नयेत म्हणून माणूस काय काय करतो. आमचे काही एकमत झाले नाही. वर चढल्यावर माडांच्या रांगा आणि निळे पाणी असे दिसत होते की वाद आपोआप थांबला. मनोऱ्याच्या जवळच सेतुभावाछत्रम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. छत्र हा शब्द गावाच्या नावात तेवढा राहिला. आम्ही पाहिलेले माड मात्र राहिले नाहीत. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला गज चक्रीवादळ वेदारण्यमपाशी जमिनीवर आले आणि तिथल्या बागांच्या बागा आडव्या झाल्या.

वेदारण्यमचे नाव निघाले तर तेही सांगते, कारण ती गोष्ट सासूबाईंच्या घरातली आहे. १९३० मध्ये गांधीजी दांडीला गेले, तेव्हा राजाजी तिरुचिरापल्लीहून १३ एप्रिलला सुमारे शंभर सत्याग्रही घेऊन वेदारण्यमला मीठ उचलायला निघाले. वाट तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडीवरून. तंजावरचा कलेक्टर थॉर्न याने फर्मान काढले, की या लोकांना जो अन्न किंवा आसरा देईल त्याला तुरुंग. छत्रांच्या मुलुखात जेवू घालणे हा गुन्हा ठरला! मग लोकांनी काय करावे? अन्नाच्या पुरचुंड्या बांधून रस्त्याकाठच्या झाडांच्या फांद्यांना टांगून ठेवल्या. सत्याग्रही झाडाखाली विसाव्याला बसले की वर हात करायचा. देणारा कोण, हे झाडाला विचारा. सासूबाई तेव्हा दोन वर्षांच्या. त्यांच्या आईने केळीच्या पानात दहीभात बांधला होता, आणि हात पुरेना म्हणून शेजारच्या मुलाला झाडावर चढवले होते, हे त्या आम्हाला सांगत. मी ते ऐकायचे आणि विसरायचे. ३० एप्रिलला वेदारण्यमला मीठ उचलले गेले. तिथेच पुढे रुक्मिणी लक्ष्मीपती यांना अटक झाली. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. आजही वेदारण्यमला मिठागरे आहेत. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे पाहवत नाही, इतकी ती पांढरी दिसतात.

आता वहीविषयी. सासूबाईंची वही मराठीत होती, पण अक्षरे तमिळ. त्या तमिळ शाळेत शिकलेल्या. बालबोध त्यांना वाचता येई पण लिहायला हात वळत नसे. घरात कुणालाही ती वही वाचता येईना. बावीस वर्षे ती माझ्या कपाटात पडून होती. प्रवासात बरोबर घेतली, उगीचच.

तंजावरच्या मोठ्या देवळात, बृहदीश्वराच्या आवारात, भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी कोरवलेला भोसल्यांच्या वंशाचा भलामोठा लेख आहे, सगळा मराठीत. आम्ही तो अडखळत वाचत होतो. तेवढ्यात एक शिक्षिका शाळेच्या मुली घेऊन आल्या. इतकी वर्षे मुलींना आणते, म्हणाल्या इंग्रजीत, पण हे कुणी वाचताना आज पहिल्यांदाच ऐकले, आणखी वाचा. मी वाचले. मुलींना एक अक्षर कळले नाही, पण भोसले, शिवाजी अशी नावे आली की त्या एकमेकींना कोपराने ढोसत. मग माझ्या लेकीला सुचले. तिने वही काढून त्यांच्यापुढे धरली. तुम्ही आमचे वाचून द्या.

आम्ही सावलीत बसलो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर, तसेच त आणि थ यांनाही. त्या बाई आपल्या सवयीने वाचू लागल्या, "तोडं तूप काल." आम्ही तिघी एकमेकींकडे पाहतोय. पुन्हा वाचायला सांगितले. "तोडं तूप काल." आणि लेक ओरडली, "थोडं तूप घाल!" मग काय विचारता! "टांगर" म्हणजे डांगर. "पाक्करी" म्हणजे भाकरी. वाचणारीला अर्थ ठाऊक नाही, ऐकणारीला अक्षर ठाऊक नाही, आणि मधून सासूबाई बोलताहेत. तीच चाल, तेच हेल. मी नक्कल केली होती तेच. मुली हसू लागल्या, त्यांच्या बाईही हसू लागल्या, आणि या खेपेला ते हसणे मला लागले नाही. मी फक्त पदराने तोंड झाकून बसले होते. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हळदीकुंकवाच्या दिवशी त्याही हसणाऱ्यांत होत्या.

वहीत बहुतेक पाककृती आहेत. तिकडे सांबाराविषयी अशी एक गोष्ट सांगतात, की संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, आमटीला कोकम मिळेना म्हणून चिंच घातली आणि त्यांच्या नावाने ते सांबार झाले. ऐकायला रुचकर आहे. पुरावा काही नाही, आणि सासूबाईंच्या वहीतही नाही. तिच्यात आहे ते चिंचेचे सार, पिठले, आणि उडदाच्या भाजलेल्या पिठाचे दह्यातले डांगर, जे तंजावरचे लोक आपले म्हणतात आणि आपण आपले म्हणतो. प्रत्येक पदार्थाचे माप घरातल्या माणसांपुरते, आणि शेवटी दर वेळी एक छोटी ओळ. शिक्षिकाबाईंनी ती इतक्यांदा वाचली की आम्हाला पाठ झाली: येणाऱ्यासाठी एक वाटी निराळी.

परत आल्यावर लेकीने तमिळ अक्षरे शिकून घेतली आणि सगळी वही बालबोधीत उतरवली आहे. चिटणीसबाईंकडे एक प्रत दिली आहे. ज्यांना हवी त्यांनी उतरवून न्यावी. मंडळाच्या जुन्या सभासदांपैकी ज्या त्या हळदीकुंकवाला होत्या त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की आज पंगतीत जे डांगर वाढले जाणार आहे ते त्या वहीतले आहे. मीच केले आहे. हिंग जरा जास्त पडला आहे, पण माप त्यांचेच ठेवले आहे, आणि वाटी निराळी काढली आहे.